टाच आधी, पट्टा मग

चप्पल विकत घेताना आपण काय बघतो? रंग बघतो, किंमत बघतो, दुकानात दोन पावलं चालून बघतो आणि 'घालून घालून सैल होईल' या दुकानदाराच्या वाक्यावर विश्वास ठेवून पिशवी हातात घेतो. पट्टा पायाच्या नेमक्या कोणत्या हाडावर बसतो, टाच मागं किती सरकते, बक्कल कितव्या भोकात लावलं, हे बघणारा माणूस विरळाच. ज्याचे पाय शाबूत आहेत त्याला या चौकशीची गरजही नसते. पाय स्वतःच तक्रार करतो. पट्टा काचला की आपण नकळत पाऊल वाकडं टाकतो, बसल्या जागी चप्पल काढून ठेवतो. फार तर फोड येतो आणि दोन दिवस लंगडतो. हे लंगडणं किती मोठी मेहेरबानी आहे ते मला ज्या माणसांकडून कळलं, त्यांना लंगडता येत नव्हतं.

आज मला त्या पट्ट्याविषयीच बोलायचं आहे. विषय तसा लहान, इंचभराचा. पण ज्या तळपायाला काटा टोचल्याचं कळत नाही, तापलेली फरशी कळत नाही, त्या पायाच्या बाबतीत हा इंचभर पट्टा बोट वाचवतो किंवा घालवतो. असे बधिर पाय आपल्याकडं मुख्यतः दोन कारणांनी होतात. एक कुष्ठरोग आणि दुसरं अंगात वर्षानुवर्षं मुरलेला मधुमेह. पहिल्याचं नाव घेतलं की लोक अजूनही खुर्ची मागं सरकवतात. दुसऱ्याचं नाव घेतलं की शेजारचा माणूस म्हणतो, 'मलाही आहे.' पण पट्ट्याच्या दृष्टीनं दोन्ही पाय सारखेच.

वर्ध्याच्या माणसानं या विषयावर बोलावं याला कारण आहे. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की नालवाडी आणि दत्तपूर ही नावं लागतात. दत्तपूरला १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेनं कुष्ठधाम सुरू केलं. त्याच दशकात नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय चालू होतं. तिथं मेलेल्या जनावरांचं कातडं कमावून चपला बनत. कुष्ठसेवा आणि चर्मकाम, समाजानं गावकुसाबाहेर टाकलेल्या दोन गोष्टी, आमच्या जिल्ह्यात अशा हाकेच्या अंतरावर आल्या. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींची कुटी आजही बघायला मिळते. हे संस्कृत पंडित कुष्ठरोग झाला म्हणून १९३९ साली आश्रमात आले आणि गांधीजींनी स्वतःच्या हातानं त्यांच्या अंगाला मालिश केली. ज्या हातांनी ती मालिश केली ते हात चपला शिवणारेही होते, हे आपण विसरतो. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी सँडल बनवायला शिकले आणि ज्या जनरल स्मट्स यांनी त्यांना तुरुंगात टाकलं त्यांनाच त्यांनी तुरुंगात बनवलेला एक जोड भेट दिला. पुढं १९५१ साली वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठ प्रतिष्ठान उभं राहिलं. डॉ. वारदेकरांनी गावोगाव जाऊन रुग्ण शोधायची, लोकांना समजावायची आणि घराजवळ औषध द्यायची पद्धत बसवली. १९८०च्या दशकात अनेक औषधं एकत्र देण्याचा नवा उपचार देशात आला तेव्हा तो आधी मिळालेल्या जिल्ह्यांत वर्धा होता.

या उपचारानं रोगाचे जंतू मरतात. सहा ते बारा महिने गोळ्या घ्यायच्या, त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, आणि माणूस बरा होतो. डिसेंबर २००५ मध्ये देशात दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकं प्रमाण खाली आलं. पण गोळ्यांनी जंतू मेले तरी मेलेली नस बहुधा पुन्हा जागी होत नाही. उपचार उशिरा सुरू झाला असेल तर रोग जातो आणि बधिर तळवा तेवढा मागं राहतो. तो जन्मभराचा. म्हणून वीस वर्षांपूर्वी बरा झालेला माणूसही आज चपलेसाठी रांगेत उभा असतो. त्याला रोगी म्हणणं चूक आहे. तो बरा झालेला माणूस आहे आणि त्याला पायात घालायला नीट काहीतरी हवं आहे.

लोकांची जुनी समजूत अशी की कुष्ठरोगात बोटं झडतात. मी लहान असताना आमच्याकडं हेच सांगत. ती झडत नाहीत. या रोगाचा जंतू कातडीवर आणि नसांवर हल्ला करतो. घोट्याच्या आतल्या बाजूनं जाणारी नस गेली की तळवा बधिर होतो, पायाच्या पंजातले लहान स्नायू दुबळे होतात आणि बोटं पक्ष्याच्या नखीसारखी वाकतात. त्यानंतरचा सगळा विध्वंस रोजच्या वापरानं होतो. डॉ. पॉल ब्रँड हे इंग्रज शल्यविशारद १९४६ साली वेल्लोरला आले आणि त्यांनी हे दाखवून दिलं की या पायांच्या जखमा दाबानं, घासण्यानं आणि भाजण्यानं होतात. मांस नासकं नसतं. त्याला विश्रांती दिली तर ते तुमच्याआमच्या मांसासारखंच भरून येतं. ही फार आशेची गोष्ट होती. जखम रोगामुळं होत असेल तर माणसाच्या हातात काही उरत नाही. चपलेमुळं होत असेल तर चप्पल बदलता येते.

दाब तीन तऱ्हांनी पायाला मारतो, असं त्यांच्या कामातून पुढं आलं. पहिली तऱ्हा सगळ्यांना कळते. खिळा, काच, बाभळीचा काटा, किंवा आमच्याकडं पऱ्हाटी काढून झाल्यावर शेतात उभी राहिलेली धसकटं. एकाच जागी एवढा जोर येतो की कातडी फाटते. दुसरी तऱ्हा चालण्याची. प्रत्येक पावलाचा दाब तसा मामुली, पण तोच दाब त्याच जागी हजारो वेळा पडला की आतलं मांस सुजतं, गरम होतं आणि शेवटी आतून फुटतं. शाबूत पायाला दीड-दोन मैलांनंतर तळवा चुरचुरल्याचं कळतं आणि आपण न ठरवता चाल बदलतो. बधिर पाय पहिल्या पावलासारखंच शेवटचं पाऊल टाकतो. तिसरी तऱ्हा सगळ्यांत गरीब दिसते आणि माझा विषय तीच आहे. अगदी हलका दाब, पण तासन् तास न हलणारा. नखावर बोट दाबून बघा, नख पांढरं पडतं, कारण तिथलं रक्त बाजूला सरतं. घट्ट पट्ट्याखाली हेच होतं. आपल्याला दहा मिनिटांत कळ येते. ज्याला कळ येत नाही त्याच्या पट्ट्याखालची कातडी दिवसभर उपाशी राहते आणि मरते.

तळव्यासाठी उपाय निघाला तो सूक्ष्मछिद्री रबराचा. दवाखान्यात त्याला एमसीआर म्हणतात. या रबरात डोळ्यांना न दिसणारे हवेचे बंद बुडबुडे असतात. पाय टेकला की ते दबतं, उचलला की पुन्हा वर येतं. रबराचा कठीणपणा मोजायचं शोअर नावाचं माप आहे, त्यावर हे रबर पंधराच्या आसपास भरतं. याहून मऊ असेल तर लवकर चेपतं, कठीण असेल तर उपयोग नाही. खाली मात्र कठीण तळ लागतोच, नाहीतर काटा सरळ वर येतो. पूर्वी त्यासाठी मोटारीच्या टायरचे तुकडे वापरत. अशा चपलेत खिळा कुठंच मारत नाहीत. सगळं चिकटवायचं आणि शिवायचं.

पण रबर कितीही चांगलं असलं तरी पाय त्यावर नेमक्या जागी राहायला हवा. ते काम पट्ट्याचं. हे मला माझ्या घरात शिकावं लागलं.

माझ्या अब्बांना मधुमेह होता. एका ईदला त्यांनी नवी सँडल घेतली, महागाची, चांगल्या दुकानातली. ईदगाहपर्यंत चालत गेले, नमाज झाली, मग घरोघरच्या गळाभेटी. शीरखुर्म्याची वाटी ते प्रत्येक घरी फक्त ओठाला लावत, एवढे पथ्याचे पक्के. संध्याकाळी अम्मीनं त्यांच्या पांढऱ्या पायजम्याच्या काठावर रक्त पाहिलं. करंगळीच्या बाजूला पट्ट्याची शिवण रुतून रुपयाएवढी कातडी गेली होती. 'दिवसभर दुखलं नाही का?' असं अम्मीनं विचारलं. अब्बांनी आधी पायाकडं पाहिलं आणि मग तिच्याकडं. त्यांना काहीच कळलं नव्हतं. तीन महिने मलमपट्टी चालली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. सँडलचा आकडा बरोबर होता. पट्टा चुकीच्या जागी होता.

मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला एका कारागिराकडं पाठवलं. सारी उमर कुष्ठरुग्णांच्या चपला करण्यात गेलेला माणूस. खोलीत रबराचा आणि सोल्युशनचा वास, भिंतीला टांगलेले लाकडी फर्मे, समोर आरी आणि रापी. अब्बा खुर्चीवर बसले आणि त्यांनी पाय पुढं केला. तो म्हणाला, "चाचाजी, उभे राहा. बसून माप घेतलं तर पाय खोटं सांगते." पायावर भार पडला की तो लांबतो, रुंदावतो. त्यानं कागदावर दोन्ही पायांचे वेगळे नकाशे काढले. अब्बांचा डावा पाय उजव्यापेक्षा दोन दोऱ्यांनी मोठा निघाला. सत्तर वर्षं त्या पायांवर चाललेल्या माणसाला हे माहीत नव्हतं. माप संध्याकाळचं घ्यायचं, असंही त्यानं सांगितलं, कारण दिवसभरात पाय सुजतो. आमच्या मे महिन्यात तर फारच.

चप्पल तयार झाल्यावर ती घालायची रीत त्यानं अब्बांना शिकवली, आणि ती मी इथं सावकाश सांगतो. पाय चपलेत ठेवला की आधी टाच मागं रेटायची, अगदी मागच्या कडेला लागेपर्यंत. मग पायाच्या उंचवट्यावरचा, म्हणजे घोट्याच्या पुढचा पट्टा लावायचा. तो पाय मागं धरून ठेवतो. त्यानंतर बोटांच्या मागचा पट्टा आणि शेवटी टाचेमागचा. बहुतेक लोक उलटं करतात. पुढचा पट्टा आधी आवळतात, पाय पुढं सरकलेलाच राहतो, बोटं चपलेच्या काठाबाहेर डोकावतात आणि टाच मागं खेळत राहते. मग टाच सुटते म्हणून पुढचा पट्टा आणखी आवळतात. "गुन्हा टाचेचा अन् फाशी बोटाले," असं तो कारागीर म्हणाला. अब्बांना हे वाक्य इतकं आवडलं की ते नंतर कोणत्याही सरकारी कामाबद्दल बोलताना तेच वापरत.

पट्टा किती आवळायचा? त्याखाली एक बोट आडवं सरकलं पाहिजे, पण दोन बोटं जाता कामा नयेत. हे बोट शाबूत हाताचं हवं. कुष्ठरोगात हातही बधिर असू शकतो, तेव्हा ते बोट बायकोचं, मुलाचं, शेजाऱ्याचं. "पाय बोलत नाही न तुमचा, मंग बोटानं विचारा लागते," असं तो म्हणाला. आणि दोन्ही पायांचं भोक एकच असेल असं धरून चालायचं नाही. अब्बांचा डावा पट्टा तिसऱ्या भोकात बसायचा आणि उजवा चौथ्या. सकाळी लावलेलं भोक दुपारनंतर एकानं सोडावं लागे. यासाठी आता बक्कलाऐवजी व्हेलक्रोची पट्टी लावतात. चर्रकन ओढली की निघते, हवी तिथं चिकटते. वाकलेल्या बोटांनाही ती लावता येते.

पट्टा घट्ट असला तर दाबतो, हे सांगावं लागत नाही. सैल पट्टाही तितकाच वाईट, हे मला तिथं समजलं. सैल पट्ट्यात पाय प्रत्येक पावलाला पुढंमागं सरकतो आणि तळव्याची कातडी रबरावर खरडली जाते. नवऱ्या मुलाच्या नव्या बुटात टाचेला फोड येतो तो असाच. म्हणून अंगठ्याची किंवा रबरी हवाई चप्पल या पायांना चालत नाही. हवाई चप्पल पायात टिकते ती अंगठा आणि शेजारचं बोट तिचा खुंट पकडून ठेवतात म्हणून. वाकलेल्या, दुबळ्या बोटांना ती पकड जमत नाही. चप्पल रस्त्यात कुठंतरी पायातून निसटते आणि माणूस तसाच पुढं चालत राहतो. बधिर पायाला चप्पल गेल्याचंही कळत नाही.

पट्ट्याची रुंदी हाही मुद्दा आहे. विहिरीवरून भरलेली बादली आणताना कडी हाताला रुतते आणि आपण तिला फडकं गुंडाळतो. बादलीचं वजन काही कमी होत नाही, ते फक्त जास्त जागेवर पसरतं. पट्ट्याचंही तसंच. इंचभर किंवा त्याहून रुंद, आतून मऊ, शिवण आणि गाठ बाहेरच्या अंगाला. अंगठ्याच्या मुळाशी आणि करंगळीच्या मुळाशी जी हाडं बाहेर येतात, त्यांच्यावर पट्ट्याची कड येता कामा नये. कड त्यांच्या मागं पडली पाहिजे. अब्बांच्या त्या ईदच्या सँडलची कड नेमकी करंगळीच्या हाडावर होती.

हे सगळं मी एकदा आमच्या शेजारच्या मुलीला सांगत होतो. ती पुण्याला इंजिनिअर आहे आणि नुकतीच गुलमर्गहून बर्फावर घसरायचा खेळ शिकून आली होती. ज्यांनी हा खेळ टीव्हीवर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एकच लांबट फळी असते, तिला स्नोबोर्ड म्हणतात, आणि दोन्ही पाय तिच्यावर आडवे बांधून उतारावरून घसरत यायचं. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२० साली गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा सुरू झाल्या त्यांतही तो आहे. माझं बोलणं ऐकून ती हसायला लागली. "काका, हे तर आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं. आधी टाच मागं, मग घोट्याचा पट्टा, मग बोटांवरचा!"

मी तिला नीट विचारून घेतलं. फळीवर स्क्रूनं बसवलेले दोन सांगाडे असतात. त्यांना बाइंडिंग म्हणतात. मागं पोटरीला टेकू देणारी पाठ, घोट्याच्या पुढून एक पट्टा, बोटांवरून दुसरा. दोन्ही पट्टे दातेरी असतात, कडकड करत एकेक दात पुढं सरकतात. फळी वळवायची ती टाचेच्या किंवा बोटांच्या काठावर वजन टाकून. बुटाची टाच आत अर्धा इंच जरी उचलली गेली तरी तुम्ही वळायचं ठरवल्यावर फळी उशिरा वळते. बर्फावर तो उशीर म्हणजे आपटणं. म्हणून शिकाऊ माणूस काय करतो, तर पट्टे जीव खाऊन आवळतो. थोड्या वेळानं पायात गोळे येतात, बोटं सुन्न होतात. दोष बहुतेक वेळा पट्ट्यात नसून त्याच्या खालच्या बुटात असतो. बूट सैल बांधलेला, आणि त्याची भरपाई पट्ट्याकडून मागायची! आधी बूट टाचेत घट्ट करायचा, सांगाडा बुटाच्या मापाचा करून घ्यायचा, बूट फळीवर असा मधोमध येऊ द्यायचा की टाच आणि बोटं दोन्हीकडं सारखीच बाहेर डोकावतील. दोन पायांतलं अंतर साधारण खांद्याएवढं. पुढचा पाय थोडा पुढं वळलेला, मागचा थोडा मागं, जसा आपण सहज उभे राहतो तसा. हे कोन स्क्रू सैल करून बदलता येतात. गुडघा दुखायला लागला की पट्ट्याला हात लावण्याआधी हा कोन बघायचा, असं ती म्हणाली.

तिच्या बोलण्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. बर्फात पाय गारठून बधिर झाला की पट्टा किती आवळला आहे याचा अंदाज येईनासा होतो. म्हणून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्यात बसायच्या आधी पाय फळीतून सोडवले की बोटं हलवून बघायची, पुन्हा जाग आली का ते. तिच्या पायांना जी अवस्था तासाभरासाठी येते ती दत्तपूरच्या माणसाची कायमची. तिला जाग येते एवढाच फरक. आणि तिच्याजवळ दातेरी पट्टे, वेगवेगळे स्क्रू, शिकवणारा प्रशिक्षक असतो. याच्याजवळ चपलेचा एक जोड आणि शेजाऱ्याचं बोट.

कुष्ठरोगात आणखी एक नस जाते, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाची. ती गेली की पाऊल वर उचलता येत नाही, चालताना पंजा लोंबतो आणि बोटं जमिनीवर घासतात. यालाही पट्टाच उपयोगी पडतो. पोटरीला एक रुंद पट्टी बांधायची आणि तिथून चपलेच्या पुढच्या भागापर्यंत रबराची किंवा स्प्रिंगची ओढ लावायची. माणूस पाऊल उचलतो तेव्हा ही ओढ पंजा वर खेचते. ती जुळवणं मोठं नाजूक. सैल राहिली तर बोटं घासतातच. जास्त ताणली तर पोटरीची पट्टी खाली सरकते किंवा रुतते. बसल्यावर पाऊल नडगीशी काटकोनात यावं इतकाच ताण हवा, आणि रबर जुनं झालं की तो पुन्हा जुळवावा लागतो. शस्त्रक्रियेनं दुसरा स्नायू वळवून पाऊल उचलण्याची सोय करता येते, पण तोवर ही ओढ.

नवी चप्पल घातली की पहिल्या दिवशी दिवसभर चालायचं नाही. तास-दोन तास वापरून काढायची आणि पाय तपासायचा. गोऱ्या पायावर दाबाचा लाल वळ दिसतो. अर्ध्या तासात तो गेला नाही तर पट्टा हलवायला हवा. आपल्या विदर्भातल्या उन्हानं रापलेल्या पायावर लाल काही दिसत नाही. कारागीर म्हणाला, "हाताची मागची बाजू लावून पाहा. जिथं गरम लागते तिथं आग लागेल समजा." तळव्यासाठी एक छोटा आरसा जमिनीवर ठेवला की पुरतो. चप्पल घालायच्या आधी ती उलटी करून झटकायची आणि आतून हात फिरवायचा, कारण खडा किंवा काटा आत असला तर तो रात्रीपर्यंत तिथंच राहणार.

अब्बांच्या बाबतीत हे तपासणं सोपं झालं ते वजूमुळं. दिवसातून पाच वेळा पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवायचं, हे ते लहानपणापासून करत आले होते. फक्त आता हाताबरोबर डोळेही पायावर ठेवायचे होते. पाय पुसून कोरडे करायचे, कारण बेचक्यातल्या ओलीनं कातडी कुजते. अडचण व्हायची ती पुढं. मशिदीत चप्पल बाहेर काढावी लागते, आणि मे महिन्यात जोहरच्या नमाजेला दुपारी अंगणातली फरशी तव्यासारखी तापते. शाबूत पायाचे लोक टाचांवर उड्या मारत सावलीत पळतात. बधिर पायाचा माणूस शांतपणे, अदबीनं चालत जातो आणि दुसऱ्या दिवशी तळव्याला फोड दिसतो. देवळात हेच होतं, दर्ग्यात हेच होतं. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूच्या जागेपासून दारापर्यंत चटई टाकायची व्यवस्था झाली. साधी ताडपत्री आणि तिच्यावर गोणपाट. ज्या देवळांत आणि दर्ग्यांत अजून ही सोय नाही तिथं ती करायला फार खर्च येत नाही.

आता थोडं कडू बोलतो. कुष्ठरुग्णांना मिळणाऱ्या चपला बरीच वर्षं एकाच छापाच्या होत्या. काळा जाड तळ, काळे पट्टे. त्या पायात दिसल्या की गावाला कळायचं. लग्नाच्या मांडवात, एस.टी.च्या स्टँडवर, बाजारात लोक आधी पायाकडं बघत आणि मग बाजूला सरकत. म्हणून कित्येकांनी त्या चपला घरात कोपऱ्यात ठेवल्या आणि बाहेर जाताना हवाई चपला घातल्या. आम्ही त्यांना अडाणी म्हणालो, औषधपाण्याचं कळत नाही म्हणालो. मला ते अडाणी वाटत नाहीत. पायातल्या दाबापेक्षा लोकांच्या नजरेचा दाब त्यांना जास्त कळत होता, कारण तो कळणारी नस शाबूत होती. आराम या शब्दात हेही आलं पाहिजे. तोच रबरी तळ वापरून तपकिरी, रंगीत, बाजारातल्या सँडलसारखी दिसणारी पादत्राणं बनवता येतात आणि आता बनतातही. मधुमेही लोक तोच तळ दुकानातून विकत घेऊन घालायला लागल्यापासून हा फरक वाढला. एका रोगाची लाज दुसऱ्या रोगाच्या गिऱ्हाइकीनं थोडी झाकली गेली. याचा आनंद मानावा की राग, हे मी अजून ठरवलेलं नाही.

भाषेचंही तसंच. 'महारोगी' हा शब्द एके काळी सेवा करणाऱ्या संस्थांच्या पाट्यांवरही होता, तेव्हा त्यात वाईट हेतू नव्हता. आज तो बोलताना जिभेला रुततो. मी कवितेत शब्द बसवणारा माणूस, पण 'कुष्ठरोगातून बरा झालेला' याला अजून एक सुटसुटीत शब्द मला सापडलेला नाही.

अब्बा त्या कारागिराच्या चपला घालून पुढं नऊ वर्षं चालले आणि त्यांना दुसरं बोट गमवावं लागलं नाही. चपला मात्र बदलाव्या लागतात. रबराला अंगठा आणि बोट यांच्यात धरून दाबायचं. सोडल्यावर ते वर येत नसेल, तर वरून चप्पल कितीही नवी दिसो, ती संपली. रोज वापरणाऱ्याची सहा महिने ते वर्षभरात संपते. कुष्ठरोगामुळं पाय बधिर झालेल्यांना या चपला सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारायचं. मधुमेह असलेल्यांनी वर्षातून एकदा तरी दवाखान्यात तळव्याला बारीक नायलॉनचा धागा टेकवून घेण्याची तपासणी करून घ्यावी. दहा ग्रॅमच्या दाबानं वाकणारा तो धागा डोळे मिटून जाणवला नाही, तर चपलेचा विचार त्याच दिवसापासून करायचा. माप द्यायला स्वतः जावं, मुलाच्या हाती आकडा पाठवू नये. आणि जाताना जुनी चप्पल सोबत न्यावी, न धुता. तिचा तळ कुठं जास्त दबला आहे आणि पट्टा कुठं झिजला आहे, ते पाहून कारागिराला निम्मं माप तिथंच मिळतं.